चारशे बारा सेनापती

कोणत्याही सैन्याचे सामर्थ्य त्यातील सेनापतींच्या संख्येवरून मोजावे, असे आमच्या मंडळाचे अभ्यासांती बनलेले मत आहे. त्या मापाने पाहिले तर नारायण पेठेत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, तीन लोखंडी आणि दोन काचेच्या कपाटांत, आशिया खंडातले एक अत्यंत बलाढ्य सैन्य गेली अकरा वर्षे उभे आहे. त्यात चारशे बारा सेनापती आहेत. सैनिक नाही. (एकही नाही. मुद्रणदोष समजू नये.)

मंडळाचे पूर्ण नाव ‘पुणे सामुराई लघुमूर्ती संग्राहक व प्राचीन जपानी चिलखत संशोधन मंडळ (नोंदणीकृत)’ असे आहे. गोल शिक्क्यात ते ‘चिलखत सं’ इथपर्यंतच मावते, परंतु आजवर कोणी तक्रार केलेली नाही. लघुमूर्ती म्हणजे बोटाएवढ्या उंचीचा, रंगवलेला, पूर्ण चिलखतातला जपानी योद्धा. त्याला खेळणे किंवा बाहुली म्हणण्यास घटनेच्या चौथ्या कलमाने मनाई आहे. तीन वर्षांपूर्वी एका उपाध्यक्षांच्या सासूबाई संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या आणि कपाटाकडे पाहून “बाहुल्या गोड आहेत हो” असे म्हणाल्या. त्यांना समज देण्यात आली. तिळगूळ ठेवून घेण्यात आला.

मंडळात एकोणतीस जण आहेत. अध्यक्ष एक, कार्याध्यक्ष एक, उपाध्यक्ष सहा, कार्यवाह एक (प्रस्तुत लेखक, तिसरा कार्यकाल), सहकार्यवाह तीन, निरनिराळ्या समित्यांचे प्रमुख चौदा आणि सल्लागार तीन. ‘साधा सभासद’ असेही एक पद घटनेत आहे. ते स्थापनेपासून रिक्त आहे. दोन वेळा सूचनाफलकावर जाहिरात लावून पाहिली. पहिल्या वेळी कोणी आले नाही आणि दुसऱ्या वेळी आले ते उपाध्यक्ष होऊन गेले. यामुळे कामात अडचण अशी काही नाही. फक्त सभेच्या वेळी घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकलेल्या राहतात, कारण त्या मांडणे कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या कार्यकक्षेत येत नाही, आणि म्हणून आमच्या सभा उभ्याने होतात. (त्यामुळे त्या लवकर संपत असतील, हा समज चुकीचा आहे.)

प्रवेश अर्ज छापील आहे. त्यात अकरा रकाने आहेत आणि नवव्या रकान्याला मंडळात फार मान आहे. तो असा: ‘आपण त्या काळी जपानात असता, तर कोण असता? एका वाक्यात लिहावे.’ माणसाचा कल या एका प्रश्नाने कळतो, असे आमचे अध्यक्ष यज्ञेश्वर खांबेटे म्हणतात. ते भूमापन खात्यातून निवृत्त झाले असल्यामुळे माणसाला पाहताच त्याची हद्द ओळखतात. आजवर एकोणतीस जणांनी हा रकाना भरला. त्यांपैकी एकवीस जणांनी ‘सेनापती’ असे लिहिले, पाच जणांनी ‘सेनापतीचा सल्लागार’, दोघांनी ‘समोरच्या बाजूचा सेनापती’ आणि एकाने ‘सेनापतीचा चरित्रकार’. तो एक मी.

आता संशोधनाविषयी. मूर्ती विकत आणणे सोपे आहे, ती कपाटात जाणे अवघड आहे. मध्ये प्रमाणता समिती बसलेली असते. (उभी असते.) तिच्या प्रमुख पद्मजाताई घांगुर्डे यांनी एका शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले आणि त्या काळात एकाही विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी दिले नाहीत. अर्धा गुण त्या नेहमी राखून ठेवत. तो कशासाठी, हे विचारण्याची हिंमत कोणी केली नाही. जपानी चिलखत म्हणजे शेकडो लहान पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींत ओवून केलेले असते. पद्मजाताई भिंग लावून त्या ओळी मोजतात, मग फुटपट्टीने मूर्तीची उंची घेतात आणि शेवटी, मूर्ती कोणाची आहे हे न विचारता, ती आणणाऱ्याकडे बघतात. निम्मे लोक इथेच मूर्ती परत पिशवीत घालतात.

मंडळाच्या संशोधनाची खोली कळावी म्हणून डाव्या मांडीचा प्रश्न सांगतो. कपाट क्रमांक दोनमधील एका सेनापतीच्या डाव्या मांडीवरच्या चिलखताचा दोरा निळा की जांभळा, यावर चार वर्षे चर्चा झाली. एकसष्ट सभा झाल्या. तीनशे पानांचा अहवाल निघाला आणि तो फक्त निळ्याच्या बाजूचा होता. दोन उपाध्यक्ष एकाच इमारतीत, वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहतात; ते अजूनही एकमेकांशी रजिस्टर्ड पोस्टाने बोलतात. अखेर सर्वसंमतीने तोडगा निघाला. मूर्ती अशी फिरवून ठेवण्यात आली की डावी मांडी भिंतीकडे येईल.

या वादात एकदा प्रत्यक्ष जपानी माणसाचे मतही घेण्यात आले. आमचे तंत्रप्रमुख केदार लोंढे हिंजवडीत एका कंपनीत असतात. (म्हणजे ते दिवसाचे चार तास कंपनीच्या बसमध्ये आणि उरलेले कंपनीत असतात.) त्यांच्या कार्यालयात जपानहून आलेले एक अधिकारी होते, त्यांना केदार घेऊन आले. पाहुण्यांनी दोरा पाहिला आणि आपला विषय लिफ्टची मोटर हा आहे, असे नम्रपणे सांगितले. मग त्यांनी केदारच्या मार्फत आम्हाला एक विचारले. तुमच्याकडचा जुना मराठा पायदळातला माणूस, तो पायांत काय घालत असे? सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. यावर लेखी कळवू, असे अध्यक्षांनी सांगितले. पत्राचा मसुदा तयार आहे, पहिल्या वाक्यावर मतभेद आहेत.

अशा या शिस्तबद्ध वातावरणात जानेवारीच्या पहिल्या शनिवारी नागोराव ढोबळे जिना चढून आले.

त्यांच्या हातात स्टीलचा तीन खणी डबा होता. साठी ओलांडलेले, काटक, शर्टाच्या खिशाला पेन. मूळचे यवतमाळकडचे, आता राहणार विश्रांतवाडी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षे नोकरी, सगळी स्टोअरमध्ये. कामगारांना बूट, गणवेश, हातमोजे सही घेऊन द्यायचे आणि परत आले की सही देऊन घ्यायचे, हे त्यांचे काम. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिले, भिंतीच्या खुर्च्या उघडून अर्धवर्तुळात मांडल्या आणि स्वतः उभे राहिले. आम्ही बसलो. अकरा वर्षांत मंडळाची ती पहिली बसलेली सभा होती.

डब्याच्या वरच्या खणात कापसावर एक मूर्ती आडवी ठेवलेली होती.

“कोण आहे हा?” अध्यक्षांनी विचारले.

“पायदळातला हाये जी. शिपाई.”

“नाव?”

“माझं?”

“मूर्तीचं.”

“याले नाव नाही जी. म्हनजे असन. पन कोनी लिहून नाही ठेवलं.”

“घराणं?”

“शेतकरी असन.”

“कोणत्या लढाईतला?”

“जिथं नेलं, तिथला,” नागोराव म्हणाले.

मी नोंदवहीतले सातपैकी सहा रकाने कोरे ठेवून पेन खाली ठेवले. आमच्याकडच्या प्रत्येक सेनापतीचे नाव, घराणे, बोधचिन्ह, तीन पिढ्या आणि मृत्यूची तिथी नोंदलेली आहे. (दोघांच्या मृत्यूच्या तिथीला आम्ही चहा ठेवतो.) नाव नसलेला माणूस आमच्या वहीत कधी आलाच नव्हता.

पण मूर्ती विकतची नव्हती, हे मान्य करावे लागेल. नागोरावांनी ती नळाची गळती बुजवायला लावतात त्या लांबीच्या लगद्याने घडवली होती. डोक्यावर पसरट लोखंडी टोपी, ती पत्र्याच्या झाकणातून कापलेली. छातीवर चिलखत, त्यातले दोरे त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी रेशमी गोंडा उसवून, सुईने एकेक ओवून गाठ मारलेले. पाठीला काठी आणि काठीला उभे निशाण, कोरे. कोणत्या सरदाराचे चिन्ह काढायचे ते ठरले नाही म्हणून कोरे ठेवले, असे ते म्हणाले. निवृत्तीनंतर घरात नुसते बसवेना. मुलगी आम्रपाली मोबाईलवर कुठल्या कुठल्या संग्रहालयांतली चित्रे पाठवायची. त्यात एकदा जुनी चिलखते ओळीने मांडलेली दिसली. सगळ्या छात्यांवर एकच खूण.

“मी पाहिलं अन वळखलं. हा स्टोअरचा माल हाये. सरदाराच्या स्टोअरचा. लढाईले इश्यू करायचा, लढाई झाली का जमा.”

“हे कुठे वाचलंत?” पद्मजाताईंनी विचारले.

“वाचलं मंग, मॅडम. आधी वळखलं.”

प्रमाणता समितीने जागच्या जागी सतरा आक्षेप काढले. सगळे देत नाही, जागेचा प्रश्न आहे. चिलखत खांद्यावर सैल बसले आहे, माप चुकले. नागोराव म्हणाले, माप चुकले नाही, स्टोअरचे कधी कुणाच्या मापाचे भेटते का. टोपीच्या वरच्या बाजूला काळा डाग, रंगकामात निष्काळजीपणा. ती काजळी आहे जी, टोपी उलटी करून चुलीवर ठेवायचे आणि त्यात भात शिजवायचे. कमरेला दोरी गाठीगाठीची आणि अस्वच्छ. ती अळूच्या देठांची, रश्श्यात मुरवून वाळवलेली. भूक लागली की तुकडा तोडून पाण्यात उकळायचा, त्याचे कालवण होते. गळ्यात आडवी पिशवी, तिला माळेसारखे फुगवटे. त्यात तांदूळ, एकेका वेळचा गाठ मारून वेगळा केलेला.

“म्हणजे हा लढतो कधी?” एका सल्लागारांनी विचारले.

“जेवन झाल्यावर,” नागोराव म्हणाले.

प्रत्येक उत्तराला त्यांनी डब्याच्या खालच्या खणातून एक जाड वही काढून पान दाखवले. संग्रहालयाचे नाव, वस्तूचा क्रमांक, लांबी, रुंदी, स्थिती, शेरा. सगळे स्टोअरच्या वळणाच्या अक्षरात. पद्मजाताईंनी ती वही घरी नेली आणि आठवडाभराने आणली. तीत एकही चूक सापडली नाही. त्यांनी ती परत देताना “अक्षर चांगलं आहे” एवढेच म्हटले, पण मी त्यांना बारा वर्षे ओळखतो आणि त्यांचा आवाज त्या वेळी नेहमीसारखा नव्हता. सतरापैकी साडेसोळा आक्षेप त्यांनी मागे घेतले.

अर्धा राहिला. नावाचा.

“मॅडम,” नागोराव म्हणाले, “आमच्या गेटमधून सकाळी हजारबाराशे लोकं आत जायचे. त्यातल्या कितीकांची नावं तुमाले सांगता येतीन?”

“विषयांतर नको,” पद्मजाताई म्हणाल्या.

दरम्यान त्यांचा प्रवेश अर्जही आला होता. नवव्या रकान्यात, आपण त्या काळी कोण असता या प्रश्नापुढे, त्यांनी लिहिले होते: ‘तेव्हाही स्टोअरमध्येच.’ अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत करण्यात आला.

इथपर्यंत सगळे नियमाला धरून होते आणि प्रकरण संपल्यात जमा होते. पण वार्षिक प्रदर्शनाच्या आधीच्या शुक्रवारी नागोराव पुन्हा आले. त्यांनी खुर्च्या मांडल्या, आणि या वेळी स्वतःही एका खुर्चीच्या कडेवर बसले.

“साहेब, मेंबर नाही केलं तरी चालन. पन रविवारी अकरा जन येऊन राहिले. कारखान्यातले आमचे. मी त्याइले सांगून बसलो, का आपला मानूस पुन्याच्या प्रदर्शनात उभा हाये म्हनून. मंडळी बी येनार. तिनं ठेवनीतली साडी काढून ठेवली. कोठीबी ठेवा जी. खालच्या फळीवर ठेवा. पन उभा दिसला पाहिजे.”

 माणूस मागत काय होता, तर साडेपाच सेंटीमीटर उंचीची जागा. ती चारशे बारा सेनापतींच्या मध्ये निघत नव्हती, कारण नियमात ती नव्हती.

मार्ग केदारने काढला. मागच्या वर्षी लोकांनी प्रदर्शनातल्या काचांना बोटे लावली आणि बटाटेवड्याचे तेल उमटले होते. या वर्षी सूचनेची पाटी लावायची होती, पण ती धरायला कोणताही सेनापती मोकळा नव्हता; सगळ्यांच्या हातांत तलवारी किंवा पंखे. नागोरावांच्या शिपायाचे निशाण कोरे होते. मूर्ती ‘प्रदर्शित वस्तू’ म्हणून नव्हे, तर ‘सूचनावाहक’ म्हणून घ्यावी, म्हणजे तिची नोंद मूर्तींच्या वहीत न होता मंडळाच्या जड वस्तूंच्या वहीत होईल, आणि तिथे नाव लागत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. पाण्याचा माठ सदतीस नंबरला होता, झाडू एकोणचाळीसला. अडतीस हा क्रमांक, एक स्टूल मोडल्यामुळे, सुदैवाने रिकामा होता.

नागोरावांना दूरध्वनी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी म्हटले, “तुमच्या शिपायाला जागा मिळाली आहे. पहिल्या ओळीत.” ते म्हणाले, “लय उपकार झाले साहेब,” आणि मागे यमुनाबाईंना मोठ्याने सांगितलेले मला ऐकू आले. कोणत्या वहीत जागा मिळाली ते मी सांगितले नाही. (दूरध्वनीवर थोडक्यात बोलावे असा मंडळाचा संकेत आहे.)

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होते. मध्यभागी काचेखाली भव्य रणांगण मांडले होते. डाव्या बाजूला दोनशे सहा सेनापती, उजव्या बाजूला दोनशे सहा सेनापती, मध्ये कोरडी नदी. सगळ्यांनी हात उंचावलेले, सगळे हुकूम देत होते. हुकूम कोणाला, असा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला. तिला माहितीपत्रक देण्यात आले. आणि पुढे, काचेच्या अगदी कडेला, सैल चिलखतातला तो एक शिपाई उभा होता. पाठीवरच्या निशाणावर केदारने छापलेली पाटी होती: ‘काचेला हात लावू नये. डाग पडतात. — हुकमावरून.’

अकरा जण अकराला आले. खडकीहून बस बदलत, इस्त्रीचे शर्ट घालून, नागोराव पुढे, यमुनाबाई मध्ये. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येक सेनापतीचे नाव वाचत पुढे सरकले. कोणी सांगितले नव्हते, तरी चपला बाहेर काढून आले होते. शिपाई आधी सापडला तो यमुनाबाईंना. “ह्या माह्या गाठी,” त्या म्हणाल्या.

नागोराव वाकले आणि त्यांनी निशाण वाचले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा वाचले.  मी चार हातांवर उभा होतो, छातीला पदाधिकाऱ्याचा बिल्ला होता, आणि मला लाज वाटली. चांगलीच वाटली. (इतिवृत्तात तिची नोंद नाही.)

अकरा जणांत ज्ञानदेव नावाचे एक उंच गृहस्थ होते, गुडघ्याला पट्टा बांधलेले. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “नागोराव, याले ड्युटीवर लावला ना बे.”

“हो,” नागोराव म्हणाले.

“बाकी सारे साहेब हात वर करून उभे हायेत. काम हा एकटाच करून राहिला.”

सगळे हसले, यमुनाबाईही हसल्या, आणि नागोरावांचे खांदे जरा खाली आले. मग ज्ञानदेव माझ्याकडे वळले. बिल्ल्यामुळे त्यांना वाटले असावे की मला माहीत असेल.

“साहेब, याची ड्युटी सुटते कधी?”

“प्रदर्शन सहाला संपतं.”

“अन याचा रिलिव्हर कोन?”

मी म्हटले, रिलिव्हर म्हणजे? त्यांनी समजावून सांगितले. कारखान्यात पाळी संपल्याचा भोंगा झाला म्हणून माणूस जागा सोडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहतो, तेव्हा सोडतो. दारूगोळ्याचे काम असते, जागा रिकामी ठेवता येत नाही. ज्ञानदेव एकदा, रिलिव्हरचे लग्न निघाले तेव्हा, लागोपाठ दोन पाळ्या उभे होते. आता इथे हा सकाळी दहापासून उभा आहे, संध्याकाळी याला सोडवायला कोण येणार?

मी अध्यक्षांना विचारले. अध्यक्षांनी कार्याध्यक्षांना विचारले. एकोणतीस पदाधिकाऱ्यांपैकी कोणाच्याही कार्यकक्षेत ते नव्हते.

“मंग थांबतो आमी,” ज्ञानदेव म्हणाले.

आणि ते थांबले. अकरा जण आणि यमुनाबाई, सहा वाजेपर्यंत, काचेभोवती. डबे आणले होते ते पायरीवर बसून पाळीपाळीने खाल्ले, कोणी ना कोणी शिपायाजवळ राहील असे. येणारे लोक गर्दी कसली म्हणून तिथेच वळत, आणि टोपीत भात कसा शिजतो ते नागोरावांकडून ऐकत. चारचा सुमार असेल, एकूण उपस्थितांपैकी जवळजवळ सगळे त्या एका कोपऱ्यात होते आणि रणांगणाच्या उरलेल्या तीन बाजूंना पंखा फिरत होता. पद्मजाताई तिथे दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी यमुनाबाईंना गाठीची पद्धत विचारली आणि वहीत उतरवून घेतली. काचेला त्या दिवशी एकही बोट लागले नाही, हे नोंदवले पाहिजे.

सहा वाजता नागोराव डबा घेऊन काचेसमोर येऊन उभे राहिले. पाय जुळवून, सरळ.

“चाल बाबू, झाली ड्युटी,” ते म्हणाले. “मी आलो.”

मी काच उचलली. त्यांनी शिपाई बाहेर घेतला, निशाणावरची पाटी नखाने अलगद सोडवली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. “हे तुमचं. जमा.” मग जड वस्तूंची वही मागितली. माठ आणि झाडू यांच्या मधल्या ओळीत आपल्या माणसाचा नंबर त्यांनी पाहिला, पेन काढले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘अडतीस नंबर परत मिळाला. चालू स्थितीत.’ खाली सही, तारीख, वेळ. अक्षर चांगले होते.

अभिप्राय वहीत चौऱ्याण्णव अभिप्राय आले. त्यातले एक्क्याऐंशी शिपायाविषयी होते, दहा बटाटेवड्याविषयी आणि तीन डाव्या मांडीविषयी. (तिघेही त्याच इमारतीतले.) मंडळ लोकमताचा आदर करते. फेब्रुवारीच्या सभेत पायदळाला तत्त्वतः मान्यता देण्यात आली आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याने पायदळातली एकेक मूर्ती आणावी असे ठरले. एप्रिलअखेर सगळ्या आल्या. एकोणतीस मूर्ती, आणि एकोणतीसच्या एकोणतीस पायदळाचे प्रमुख निघाले. उत्तम रंगकाम, हातात दंडुका, नावगाव सगळे स्पष्ट. कोणी कोणाला विचारून आणल्या नव्हत्या, हे विशेष. आता सैन्याचे संख्याबळ चारशे एक्केचाळीस आहे. पाटी चिकटपट्टीने लावली आहे आणि काचेला पुन्हा तेल लागू लागले आहे.

अध्यक्षांच्या सूचनेवरून मी नागोरावांना पत्र लिहून पायदळ उपसमितीचे निमंत्रकपद देऊ केले. त्यांचे पोस्टकार्ड आले. प्रमुख वगैरे नको, साध्या सभासदाची जागा रिकामी असेल तर येतो, असे त्यांनी लिहिले होते. खुर्च्या मांडीन, काचा पुसीन, वही ठेवीन. फक्त एक अट घातली होती: मला सोडवायला कोणी असेल तर. म्हणजे मंडळाला साधे सभासद एक नव्हे, दोन लागतील. सभेने यावर उभ्याने साडेतीन तास विचार केला. त्या सभेत मी स्वतः हात वर करणार होतो. करायला हवा होता. पण मग कार्यवाह कोण राहणार, असा प्रश्न माझ्या मनात आला, आणि तो तिथेच राहिला.

म्हणून हे निवेदन. दुसरा साधा सभासद पाहिजे. चिलखताची माहिती नसली तरी चालेल. वाचकहो, आपण इथवर वाचलेत म्हणजे आपल्याला वेळही आहे आणि बहुधा नागोरावांविषयी आपलेपणाही.

अर्ज सोबत जोडलेला नाही, कारण आपला तो भरून झाला आहे. वर नववा रकाना सांगितला तेव्हा आपण क्षणभर थांबलात आणि मनातल्या मनात एक उत्तर लिहिलेत. पुढे शिपाई आवडू लागल्यावर ते खोडून त्या जागी ‘शिपाई’ केलेत. खोडाखोड केलेले उत्तर आमच्याकडे धरत नाहीत, पहिलेच धरतात. ते पाहून सभेने आपली एकमताने निवड केली आहे: उपाध्यक्ष (सातवे). अभिनंदन. रविवारी दहाला सभा आहे, यावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असेल.